अंगठा वर

आमच्या क्लासमध्ये अंगठा वर करायची पद्धत शेषेराव सरांनी पहिल्या बॅचपासून पाडली होती. शिकवून झालं की सर विचारायचे, "कळलं?" आणि पोरांनी उजव्या हाताचा अंगठा वर करायचा. ज्याचा अंगठा वर नाही त्यानं उभं राहायचं, नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि काय कळलं नाही ते भरलेल्या हॉलसमोर बोलून दाखवायचं. त्यामुळं ज्याला काहीच कळलेलं नसायचं त्याचा अंगठा सगळ्यांत आधी वर यायचा. मी तिथं जीवशास्त्र शिकवायचे. फळ्याकडून तोंड वळवलं की समोर नुसते अंगठे.

सर या पद्धतीची गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगायचे. "माझा बाप अंगठेबहाद्दर व्हता. जन्मभर शाईत बुडवून अंगठा खाली दाबत ऱ्हायला. म्या ठरवलं, आपल्या पोरांचा अंगठा वर पायजे." टाळ्या पडायच्या. गोष्ट खोटी नव्हती, पण खरी गोष्ट रोज सांगितली की तिचीही जाहिरात होते. लातूरच्या ट्यूशन एरियात प्रत्येक वळणावर आमचा फ्लेक्स होता आणि प्रत्येक फ्लेक्सवर नंबरात आलेली पोरं अंगठा वर करून उभी होती.

त्या वर्षी समोरच्या क्लासनं आपली हुशार पोरं विमानात बसवून आणली आणि शिडीवरचे फोटो गावभर लावले. सरांना आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. मग एके दिवशी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "ते वर गेले ना? आपण खाली जाऊ." मालवणच्या बाजूला पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून समुद्राच्या तळाशी उतरवतात, ते सरांनी मोबाइलवर बघितलं होतं. होडीतून उडी मारायची नाही, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं, म्हणजे आईबापही घाबरणार नाहीत. तळाशी क्लासचा बॅनर धरायचा, अंगठा वर करायचा, फोटो. फ्लेक्सवरचं वाक्य तर सरांनी सहल ठरायच्या आधीच लिहून काढलं होतं : 'जो खोल जातो, तोच वर येतो.' आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला आठवड्यानं पाणी यायचं. एका वर्षी तर गावाला रेल्वेनं पाणी आणून पाजलेलं. त्या गावाची पोरं समुद्राच्या तळाशी बसणार होती.

निवडलेल्या पोरांत मनतशा होती. नांदेडची, इतवाऱ्यातली. तिचे वडील गफूरभाई ऑटोची आणि मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवायचे. दोन वर्षं ती आमच्या होस्टेलवर राहिली. अख्ख्या बॅचमध्ये हिचाच अंगठा तेवढा खरा होता. कळलं नाही की ती हात खाली ठेवायची, न सांगता उभी राहायची आणि म्हणायची, "मनतशा गफूर शेख, नांदेड. न्हाई कळलं." पोरं हसायची. मला मात्र ती उभी राहिली की बरं वाटायचं, कारण मग मी ते नीट शिकवायचे, आणि हसणाऱ्यांनाही ते तेव्हाच कळायचं.

मे महिन्यात परीक्षा झाली. निकाल लागायच्या आत सहल निघाली. सर स्वतः येणार होतेच, पोरींच्या सोबतीला बाई हवी म्हणून मलाही घेतलं. गफूरभाई तिला सोडायला नांदेडहून लातूरला आले होते. बसच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरीनं गोदावरीबिगर पाणी पाह्यलं न्हाई. तुमच्या हवाली हाय."

"जशी नेते तशी परत आणते," मी म्हणाले.

पाण्यात उतरायच्या आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा समुद्र शहाण्यासारखा होता. तांडेल नावाचा एक काळासावळा माणूस आमच्या पोरांना उतरवणार होता. त्यानं सगळ्यांना कमरेएवढ्या पाण्यात नेऊन नळीनं श्वास घ्यायला लावला आणि खुणा शिकवल्या. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा कारभार हातांनी. अंगठा आणि शेजारचं बोट जोडून गोल केला तर 'ठीक आहे'. नुसता अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'.

आता आमच्या पोरांची गोची झाली. तांडेल पाण्यात डोकं घालून विचारी, ठीक का? की पोरांचा अंगठा वर. तो लगेच त्यांना काखेत धरून वर काढी. पुन्हा खाली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "तुमच्या गावाक सगळ्यांकाच वर जावचा हा काय?" आम्ही पोट धरून हसलो. मनतशानं दुसऱ्या खेपेलाच खूण पकडली. वर आल्यावर तिनं विचारलं, "कान दुखला तर?"

"नाक धरून हळू फुंकर घालूची. कान नाय सुटलो तर अंगठा, आणि सरळ वर. कानाक जबरदस्ती करूची नाय. आणि सर्दी असली तर पाण्यातच उतरूचा नाय."

तिनं मान हलवली. असलं काही तिला एकदाच सांगावं लागायचं.

सकाळी समुद्राचं रूप बदललेलं होतं. जिथून आम्ही चालत शिरणार त्या खडकांवर लाटा येऊन फुटत होत्या, पाणी गढूळ झालं होतं. तांडेल बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आज नाय. जाताना लाट पाय काढतली, नि येताना खडकार आपटतली. खालचा काय दिसाचाही नाय."

सर म्हणाले, "काल तर चांगला व्हता की."

"कालचो समुद्र काल."

आणखी दोन दिवसांनी पावसाळ्यासाठी सगळंच बंद होणार होतं. सरांनी विनवून बघितलं, आवाज चढवून बघितला. तांडेल टाक्या उचलून गाडीत ठेवायला लागला. सर वाळूतून तरातरा चालत पलीकडं गेले आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच एका माणसाला घेऊन आले. त्याच्या टाक्यांचा रंग उडालेला होता. तो लाटांकडं न बघताच म्हणाला, चला. सरांनी पोरांकडं वळून हात उडवला. "व्हा तयार. काय व्हत न्हाई."

हे तीन शब्द मी आयुष्यात फार लवकर ऐकले.

मी किल्लारीची. जमीन हादरायची ती आधीपासूनच हादरत होती. भांडी वाजायची, पोटातून गुरगुर यायची. आधीच्या वर्षी तर लोक घाबरून काही दिवस रानात झोपले. मग सवय झाली. घरात झोपायला जे भ्यायचे त्यांची टिंगल व्हायला लागली. गणपती बोळवून आलो त्या रात्री माझी आई, साखराबाई, अंगणात अंथरूण टाकत होती. माझे वडील, श्रीमंत त्यांचं नाव, दारातून म्हणाले, "काय व्हत न्हाई. लोक हासून राह्यले. चला घरात." दगडमातीच्या भिंती होत्या, डोक्यावर मातीचं माळवद. आईला आणि मला लोकांनी उकरून काढलं. वडील आणि थोरला भाऊ मागं राहिले. आई अजून नव्या किल्लारीतल्या सरकारी घराच्या व्हरांड्यात झोपते, थंडीत सुद्धा. मला वडिलांचा राग आजही येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण येतो त्याला काय करणार?

मनतशा सगळ्यांत पुढं होती. तिनं काचेचा मुखवटा कपाळावर चढवला होता. मी जाऊन तो काढून घेतला आणि म्हणाले, "पोरींनो, बसमध्ये बसा. कुणी पाण्यात उतरायचं नाही."

सरांना वाटलं मी चेष्टा करते. मग त्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, तुम्ही जीवशास्त्र बघा. समुद्राचं आम्ही बघतो."

"यांच्या आईबापांनी यांना माझ्या हवाली केलंय. समुद्राच्या नाही."

"आवो पोरं हिरमुसली ना."

"हिरमुसू द्या. हिरमुसलेली पोरं घरी जातात."

मागून कुणीतरी पोरगा बारीक आवाजात म्हणाला, 'भूकंप मॅडम'. सगळे हसले. हे नाव मला आधीपासून होतं, पाठीमागं. त्या दिवशी ते तोंडावर आलं. पण रंग उडालेल्या टाकीवाल्यानं आमचं भांडण बघितलं आणि तोच मागं सरला. त्याला लफडं नको होतं. उतरणं रद्द झालं.

खरी शिक्षा पुढं होती. कुणी बुडालं नाही. अर्थात बुडणार कोण? पाण्यात कुणी गेलंच नव्हतं. दुपारी ऊन पडलं, लाटा थोड्या निवल्या, आणि सर बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, झालं का काय?" यावर काय बोलावं? जी गोष्ट घडू दिली नाही तिचा पुरावा कुठून आणायचा? घर पडलं की लोक म्हणतात, बाहेर झोपायला हवं होतं. घर पडलं नाही की बाहेर झोपलेला येडा ठरतो. परतीच्या वाटेवर मनतशा माझ्याशी बोलली नाही. सोलापूरजवळ चहाला थांबलो तेव्हा शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची भीती आम्ही का घ्यायची?"

अठरा वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी बघून मी ते दिलं नाही. लातूरला उतरल्यावर तिला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा गफूरभाईंना फोन करून सांगितलं, जशी नेली तशी पाठवली आहे.

निकाल लागला. मनतशाला भरपूर मार्क पडले, मेडिकल नक्की झालं. मी फोन केला, तिनं उचलला नाही. मला वाटलं, अजून रुसली असेल. चार दिवसांनी क्लासला चालले होते तर चौकात नवा फ्लेक्स. दोन मजले उंच. हिरवं पाणी, मागं क्लासचा बॅनर, आणि पुढं तोंडात नळी घेतलेली मनतशा. उजव्या हाताचा अंगठा वर. खाली ठळक अक्षरांत : 'जो खोल जातो, तोच वर येतो.'

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मला बघून हाक मारली. "मॅडम, उतरली की शेवटी पोरगी. झालं का काय?"

मी त्या फोटोकडं बघत राहिले. समुद्र असा हिरवा नसतो. आणि तिचा डावा हात. डाव्या हाताचा तळवा तिनं कानावर दाबून धरला होता.

सर केबिनमध्ये पेढे वाटत होते. म्हणाले, "मुदखेडच्या बाजूला आपल्या साडूची दगडाची खदान हाय. पाणी कसं, आरशावानी. लाट न्हाई, वारं न्हाई. हैदराबादहून टाक्यावाला आणला, फोटोवाला आणला. लेकरांचं मन मोडून कसं चालंल? मनतशा तर जवळचीच, नांदेडची. एका फोनवर तयार. फकस्त म्हणलं, तुमच्या मॅडमला सांगू नको, उगं बीपी वाढंल त्यांचं."

"तिनं हात कानाला का लावलाय?"

"पोज हाय."

"आणि अंगठा?"

"अंगठाच तर पायजे व्हता," सर म्हणाले आणि हसून पेढ्याचा बॉक्स पुढं केला.

मी पेढा घेतला नाही. त्या केबिनमध्ये पुन्हा पाऊलही ठेवलं नाही. तिथूनच स्टँडवर गेले आणि मिळाली ती नांदेडची बस धरली. लोह्यापर्यंत मला बसायला जागा नव्हती आणि त्याचं काही वाटलंही नाही.

गफूरभाईंचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. पुढं शिलाई मशीन, मागं पडदा, पडद्यामागं घर. भिंतीवर रेक्झिनच्या गुंडाळ्यांवर त्यांनी त्या फ्लेक्सचा छोटा फोटो चिकटवला होता. मला बघून उठले, खुर्ची पुसली. "या मॅडम. डॉक्टरीनबाईला भेटायला आल्या का? आत हाय. कानात पाणी गेलंय जरा. सर म्हणले, हुईल नीट."

मनतशा आत बसली होती. मी डाव्या बाजूनं गेले आणि तिला हाक मारली. तिनं मान वळवली नाही. मी पुन्हा हाक मारली. मग सावली बघून ती दचकली आणि उजवा कान माझ्याकडं करून म्हणाली, "इकडून बसा मॅडम."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"आतली नस गेली. पडदा शिवता येतो म्हणाले. नसेचं काही करता येत न्हाई. अब्बूला अजून पूर्ण सांगितलं न्हाई." ती अगदी शांतपणे बोलत होती, वर्गात उत्तर सांगायची तशी. "मला दोन दिवसांपासून सर्दी होती. तांडेलकाका म्हणाले होते, सर्दी असली तर उतरायचं न्हाई. मी टाक्यावाल्याला सांगितलं. तो सरांकडं बघायला लागला. सर म्हणाले, काय व्हत न्हाई."

मी तिचा हात धरला.

"खाली गेले तर कानात कुणी सुया घालावं तसं झालं. नाक धरून फुंकलं, सुटलं न्हाई. टाक्यावाला वर दोर धरून होता. खाली फोटोवालाच. मी त्याला अंगठा दाखवला. त्यानं पण मला अंगठा दाखवला आणि फोटो काढला. मी पुन्हा दाखवला, त्यानं पुन्हा काढला. मला वर येता येईना, कमरेला शिसं बांधलेलं. मी जोरजोरात अंगठा हलवायला लागले. त्याला वाटलं, खूश झाली पोरगी. बॅनर फोटोत येईना म्हणून त्यानं माझे खांदे धरून मला आणखी खाली दाबलं. तेव्हा कानात फाट् असं वाजलं, आणि मग वाजायचंच बंद झालं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी खरा अंगठा दाखवत होते मॅडम. तुम्ही असता तर कळलं असतं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं मान्य केलं होतं. देवानं असं खरं करण्यापेक्षा मला जन्मभर येडी ठरवलं असतं तरी चाललं असतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ही पोरगी कानात स्टेथोस्कोप घालणार होती.

मशीनचा आवाज कधीच थांबला होता. पडदा बाजूला करून गफूरभाई उभे होते, हातात चहाचे कप. ते आत आले नाहीत. त्यांनी विचारलं, "अंगठा म्हंजे काय?"

मीच म्हणाले, "पाण्याखाली अंगठा म्हणजे 'मला वर न्या'."

"वर न्या?"

"हाव अब्बू," मनतशा म्हणाली.

"मंग त्यानं नेलं न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी कप जपून खाली ठेवले. भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन बराच वेळ उभे राहिले. फोटो चिकटवल्यापासून रोज सकाळी दुकान उघडलं की हा माणूस त्या अंगठ्याकडं बघून खूश होत होता. मग त्यांनी मशीनशेजारचा रेक्झिन कापायचा सुरा उचलला. पण ते कुणाच्या अंगावर गेले नाहीत. शेजारच्या रंगवाल्याची शिडी खांद्यावर टाकली आणि चालायला लागले. आम्ही दोघी मागोमाग धावलो.

नांदेडचा फ्लेक्स स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर होता, लातूरच्याएवढाच मोठा. भर दुपार होती. गफूरभाई शिडी लावून चढले. लोकांना वाटलं, फ्लेक्सचाच माणूस असेल, दोरी सुटली असेल. त्यांनी आधी बोटांनी कापड ताणून बघितलं, जसं ते सीटवर रेक्झिन ताणतात. मग सुरा घातला आणि मनतशाच्या कडेकडेनं कापत गेले. टाकीच्या गोलाईनं, मग खांद्यावरून, कानावर दाबलेल्या हातावरून. अंगठ्याशी आल्यावर थांबले, सुरा बदलून धरला आणि एवढासा तुकडासुद्धा मागं न ठेवता तो सोडवला. खाली गर्दी जमली. कुणीतरी विचारलं, "चाचा, काय करून राहिले?"

"पोरीला वर काढून राहिलो," ते म्हणाले.

कापलेली मनतशा गुंडाळून खांद्यावर घेऊन ते उतरले. वर फ्लेक्सच्या मधोमध माणसाच्या आकाराचं भोक पडलं होतं आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. खाली अक्षरं तशीच होती. मनतशानं पुढं होऊन वडिलांचा हात धरला. ते तिच्या डाव्या बाजूला होते, काहीतरी म्हणाले, आणि तिला ऐकू गेलं नाही. मग ते वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आले.

क्लासकडून गफूरभाईंवर नुकसानीची तक्रार झाली. पोलीस स्टेशनला मी सोबत गेले. मनतशाच्या कानाची तक्रार घ्या म्हटलं तर साहेब म्हणाले, पोरगी आपल्या पायानं गेली होती आणि फोटोत तर खुशीत दिसते, अंगठा वर आहे.

दोन दिवसांत नवा फ्लेक्स लागला. तोच फोटो, तेच हिरवं पाणी, तेच वाक्य. सर तसे हुशार. मी कानाबद्दल विचारलं होतं ते त्यांच्या बरोबर लक्षात राहिलं होतं. या खेपेला त्यांनी फोटोतला डावा हात कापून टाकला होता. अंगठा तेवढा ठेवला होता.